वरच्या पत्रावळी

हे कोणाच्या हाती लागलंच, तर आधी माफी मागते. वेलांटी कुठे छोटी द्यायची आणि कुठे मोठी, हे चौथीनंतर मला कोणी विचारलं नाही, म्हणून मीही कोणाला विचारलं नाही. अक्षराबद्दल माझा नवरा म्हणतो, कोंबडी शाईत पाय बुडवून अंगणभर फिरली आहे. त्याची स्वतःची सही मात्र बँकेतली बाई दर वेळी परत करायला लावते, ते तो सांगत नाही.

बोलायला गेलं की माझी जीभ अडते. चार माणसं समोर असली की माझा आवाज पदराच्या बाहेर येत नाही. लिहिताना समोर कोणी नसतं, म्हणून हे लिहिते आहे.

आमचं गाव चिचगडच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत. गावात आमचा बायकांचा बचत गट आहे आणि गट पत्रावळी बनवतो. जंगलातून माहूलच्या वेलाची पानं येतात. ती वाळवायची, एकावर एक ठेवून शिवायची, मग मशीनवर दाबायची. गोंदियाची एक कंपनी हा माल घेते आणि मोठ्या शहरांत पाठवते. तिकडे पानावर जेवायला लोक जास्तीचे पैसे देतात म्हणे. हे ऐकून माझी सासू म्हणाली, "मंग आमी जनमभर श्रीमंतच होतो, कोनी सांगतलं नाई."

सासूला मी मामी म्हणते. आमच्याकडे तसंच म्हणतात. मामी बोलायला मागेपुढे पाहत नाहीत. देवानं आम्हा दोघींची जीभ एकत्र करून वाटायला घेतली असावी आणि सगळी त्यांच्याच पदरात पडली असावी.

पत्रावळींचा एक रिवाज आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे शेकडा म्हणजे शंभर नाही. शंभर मोजून झाल्या की वर आणखी पाच ठेवायच्या. एखादं पान फाटतं, एखादा टाका सुटतो, आणि पंगतीत शेवटच्या माणसावर पत्रावळीची वाट बघत बसायची पाळी येऊ नये, म्हणून या वरच्या. त्यांचे पैसे घ्यायचे नसतात आणि त्यांचा बोलबालाही करायचा नसतो. माझी आई असंच करायची, तिची आईही. बरोब्बर शंभर देणारीला गावात काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

कंपनीशी आमचा सगळा व्यवहार फोनवर चालतो. ऑर्डर फोनमध्ये येते. माल गाडीत चढला की आपण आकडा टाकायचा आणि बटण दाबायचं, म्हणजे बिल तिकडे पोचतं. गोदामात माल उतरला की तिकडून पोच येते. ऑर्डर, बिल आणि पोच, हे तिन्ही एकमेकांशी जुळले की हिरवी खूण येते आणि पैसे आपोआप गटाच्या खात्यात पडतात. कोणाच्या दारात जायला नको, कोणाशी बोलायला नको. मला तर हा व्यवहार माझ्यासाठीच काढला आहे असं वाटायचं.

फोन कोणी सांभाळायचा, यावर गटात बरीच चर्चा झाली होती. शेवटी अध्यक्षबाई म्हणाल्या, "हिच्याजवळ देऊन टाका. हे कोनाशी बोलत नाई, बॅटरी टिकन." सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि फोन माझ्याकडे आला.

एक वर्ष सगळं हिरवं होतं.

मग थंडी संपता संपता पानं आणणारी माणसं आली. ती आतल्या गावांतून येतात, पानांचे भारे टाकतात आणि रोख घेऊन जातात. पैसे खात्यात येतील असं सांगितलं तर भारा परत डोक्यावर घेतात. गटाची शिल्लक नव्या मशीनमध्ये गेली होती. पानं सोडली असती तर पुढचे सगळे महिने मशीन नुसती झाकून ठेवावी लागली असती. मीटिंगमध्ये सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. त्या दिवशी मला काय झालं कोण जाणे, मी म्हणून गेले, "मी पाहतो."

मी मामींकडे गेले. मामींनी दोन बकरे विकून पैसे ठेवले होते, कूलरसाठी. आमच्या घरावरचे टिनाचे पत्रे उन्हाळ्यात असे तापतात की दुपारी आत बसवत नाही. मामींनी दोन उन्हाळे मन मारून ते बकरे वाढवले होते. मी दारात उभी राहून पदर पिळत होते.

"काऊन वो? पदर धुवाले काढला का?" मामी म्हणाल्या.

मी कसंबसं सांगितलं. मामींनी माझ्याकडे बघितलं, आत गेल्या, आणि डब्यातून पैसे काढून माझ्या हातावर ठेवले. "तुयासाठी देऊन रायली. गटासाठी नाई," त्या म्हणाल्या. "उन्हाळा लागाच्या आत पायजेत. नाई त कूलरच्या जागी तूच उभी रायशीन आन् पंखा हालवशीन. आन् बाबूले सांगू नोको."

बाबू म्हणजे माझा नवरा. फोनमधल्या कंपनीवर त्याचा आधीपासून भरवसा नव्हता. "जो मानूस दिसत नाई त्याच्यासंग कायचा धंदा?" असं तो म्हणायचा. म्हणून त्याला सांगितलं नाही.

पानं घेतली, पत्रावळी झाल्या, माल गेला. दोन दिवसांनी फोनमध्ये खूण आली, ती लाल. खाली इंग्रजीत एक ओळ होती. मी फोन अध्यक्षबाईंना दाखवला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाल्या, "लाल म्हंजे पक्कं. आपन पक्क्या गोष्टीले कुंकूच लावतो ना?" मला ते पटलं. नवऱ्याला थोडं इंग्रजी वाचता येतं, पण त्याला फोन दाखवायचा तर सगळंच दाखवावं लागलं असतं.

दुसरा माल गेला. पुन्हा लाल. मी बँकेत जाऊन पासबुक भरून आणलं तर त्यात काहीच नव्हतं.

मीटिंग भरली. कंपनीनं पैसे का थांबवले, यावर बायकांनी डोकं लावलं. आमचा माल खराब नव्हता. आकडा मीच टाकला होता आणि तोही बरोबर होता. मग राहिलं काय? अध्यक्षबाई म्हणाल्या, "कंपनी रुसली." आता रुसलेल्या माणसाला कसं मनवायचं, हे आम्हा बायकांना सांगायला नको. रुसलेल्या जावयाच्या ताटात एक पोळी जास्त वाढतात. ठरलं, की पुढच्या मालात शेकड्यामागं पाच नाही, जास्त ठेवायच्या. किती जास्त, ते जिनं तिनं आपल्या मनानं.

तिसरा माल आम्ही अगदी भरभरून पाठवला. गठ्ठ्यांचं सुतळीत पोट मावत नव्हतं. यावेळी लाल खूण आली ती दुसऱ्याच दिवशी, आणि खाली इंग्रजीच्या दोन ओळी आल्या.

इकडे उन्हं चढू लागली होती. मामी रोज सकाळी अंगणात उभ्या राहून वर बघायच्या आणि मला ऐकू जाईल असं सूर्याला म्हणायच्या, "थांब ना गा थोडा. सुनेची कंपनी येऊन रायली."

शेवटी मी गोंदियाला जायचं ठरवलं. एकटीला मला ते जमलं नसतं. मामी आपणहून चपला घालून उभ्या राहिल्या. "पैसा माहा हाये," त्या म्हणाल्या, "त्याले आनाले मी येतो."

चिचगडहून देवरी, देवरीहून गोंदिया. कंपनीच्या ऑफिसात काचेमागे एक कारकून बसला होता. मी त्याच्या टेबलाकडे बघून आमच्या गटाचं नाव सांगितलं. त्यानं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणाला, "आपका माल मैच नहीं हो रहा. आप कुछ भेजते हो, गोदाम में कुछ निकलता है. सिस्टम ने पेमेंट रोक दिया."

मी टेबलाकडेच बघत राहिले. मामी पुढे झाल्या. "कमी निंगालं का? आमचा माल कमी?"

"कम-ज्यादा मुझे नहीं दिखता, अम्मा. सिर्फ फरक दिखता है. मेरे हाथ में कुछ नहीं है."

"हातात काई नाई त खुर्चीवर कायले बसला?"

कारकून हसला. चांगला होता बिचारा. त्यानं मामींना पाणी दिलं आणि सांगितलं की हिशोब जुळवणाऱ्या मॅडम गावोगाव फिरतात, त्यांना तुमच्या गावाचं नाव देतो.

परतताना बसस्टँडच्या वाटेवर कूलरचं दुकान होतं. बाहेर एक कूलर चालू ठेवला होता. मामी त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि डोळे मिटून घेतले. पांढरे केस मागे उडत होते. दुकानदार आला. मामींनी किंमत विचारली, महाग आहे म्हणून त्याला चार शब्द सुनावले, किंमत उतरवून घेतली, आणि मग म्हणाल्या, "ठेवून दे बाबू. माहे पैसे एका मशीनीत अटकले हायेत, ते सुटले का येतो." दुकानदाराला काय कळलं देव जाणे, पण तो हो म्हणाला. मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघत उभी होते. बसमध्ये मामी माझ्याशी काही बोलल्या नाहीत, टोमणाही मारला नाही. तेच मला जास्त लागलं.

मॅडम आल्या त्या कंपनीच्या गाडीतून, सोबत छोटा वजनकाटा घेऊन. मला वाटलं होतं कोणी वयानं मोठ्या असतील. ही तर माझ्या धाकट्या बहिणीएवढी पोरगी, ओढणी डोक्याला गुंडाळलेली. समाजमंदिराच्या ओसरीत बसली, कॉम्प्युटर मांडीवर घेतला आणि विचारलं, "फोन कोणाकडे असतो?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी खांबाच्या आणखी जवळ सरकले.

"ताई, तुम्ही हजार पाठवले असं लिहिता. आमच्या काट्यावर हजारापेक्षा जास्त येतात. दर वेळी. आधी गोदामातला माणूस गठ्ठे मोजायचा आणि प्रत्येक गठ्ठा शंभरचा धरायचा, म्हणून कळलं नाही. आता नवीन काटा बसवलाय. तो वजनावरून नग काढतो. कॉम्प्युटरला कमी आलं तरी चूक आणि जास्त आलं तरी चूकच." मग तिनं विचारलं, "दुसऱ्या गावचा माल तुमच्यात मिसळता का?"

अध्यक्षबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "दुसऱ्याचा माल आमी कायले मिसळू? आमचे टाके पाहा, मंग बोला."

"अवं माय," मामी मधेच म्हणाल्या, त्या गटात नाहीत तरी पहिल्या रांगेत बसल्या होत्या, "त्या वरच्या होत."

"वरच्या म्हणजे?"

मग सगळ्या एकदम सांगू लागल्या. शेवटचा माणूस, फाटलेलं पान, सुटलेला टाका, आई, आईची आई. मॅडमनं हातातला पेन खाली ठेवला. "मी गावोगाव फिरते ते कमी भरणाऱ्यांना शोधायला," ती म्हणाली. "जास्त भरणारे आजच बघतेय. बरं, मग जास्तीचे पैसे लावा. मी बिल दुरुस्त करते."

अध्यक्षबाईंनी कानाला हात लावले.

"वरच्याचे पैसे?" माझी जाऊ म्हणाली. ही माझी चुलत जाऊ. मीठ मागायला गेलं तर दाणे मोजून देते अशी तिची गावभर ख्याती. "वरच्याचे पैसे घेतले त वरच्या कायच्या?"

"मग पाठवू नका."

"मंग शेवटचा मानूस हातावर जेवन का?" मामी.

"काकू, आमच्याकडे पंगत नसते, गोदाम असतं. तिथून पंचवीस-पंचवीसची पाकिटं जातात. तुमच्या वरच्या आतापर्यंत कुठे गेल्या मला माहीत नाही. गोदामातल्या पोरांच्या पार्ट्या बहुतेक तुमच्याच जिवावर झाल्या."

मामींना हे उत्तर आवडलं. "जेवले ना? मंग झालं," त्या म्हणाल्या, आणि तेव्हापासून मॅडमच्या बाजूला सरकून बसल्या.

मॅडमनं कॉम्प्युटरमध्ये काहीतरी उघडून पाहिलं. मग म्हणाली, एक रस्ता आहे. बिलात एक ओळ आणखी घालायची. वरच्या पत्रावळींची वेगळी ओळ आणि त्यापुढे भाव शून्य. म्हणजे नगही जुळेल आणि पैसेही जुळतील. फक्त प्रत्येकीनं किती वरच्या ठेवल्या ते सांगायचं. पहिल्या दोन मालांचं सोपं होतं, शेकड्यामागं पाच. तिसऱ्या मालाचं विचारल्यावर मजा सुरू झाली.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "मी पंधरा ठेवल्या." त्यांनी पंधरा म्हटल्यावर पुढची दहा कशी म्हणेल? ती म्हणाली सोळा. तिच्या पुढची म्हणाली, "मी त मोजल्याच नाई, मन भरेस्तोवर ठेवल्या." जाऊनं "असतीन सात-आठ" म्हटलं, तेव्हा दोघींनी एकमेकींना कोपर मारलं. माझी पाळी आल्यावर मी "पाच" म्हणाले. खरं तर मला आकडा आठवत नव्हता, पण काहीतरी म्हटल्याशिवाय मॅडमची नजर हटत नव्हती.

मॅडमनं बेरीज केली. "आता गंमत बघा. काट्यावर जितक्या जास्त आल्या, त्याहून तुमच्या तोंडी जास्त होतायत."

कोणी कोणाकडे बघेना.

"एक तर काटा चुकतोय," ती म्हणाली, "नाहीतर..." आणि पुढचं बोलली नाही. पोरगी हुशार होती. चौथ्या मालाचे गठ्ठे तिथेच कोपऱ्यात तयार होते, तेही तिसऱ्यासारखेच जिनं तिनं आपल्या मनानं भरलेले. तिनं ते मागवले. प्रत्येकीच्या गठ्ठ्याला तिची चिंधी बांधलेली असते, कोणाचा टाका सुटला ते कळावं म्हणून. मॅडम एकेक गठ्ठा आधी काट्यावर ठेवायची, मग आम्ही तो सोडून हातानं मोजायचो.

अध्यक्षबाईंच्या गठ्ठ्यात शंभरावर तीन निघाल्या.

"उंदरानं खाल्ल्या असतीन," त्या म्हणाल्या.

"उंदीर मोजून खाते व माय तुमच्या घरी," मामी म्हणाल्या.

मन भरेस्तोवर ठेवणारीचं मन चारातच भरलं होतं. आणि जाऊच्या गठ्ठ्यात निघाल्या बारा. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले. "मोजताना चुकलं असन," ती पुटपुटली, जणू चोरी पकडली. तेव्हापासून तिला मिठावरून कोणी चिडवत नाही. चिडवायला दुसरं काहीतरी शोधून ठेवलं आहे.

शेवटी माझा गठ्ठा सुटला. मी खांबामागे होते. मोजणारीचा आवाज एकशे दहावर थांबला नाही, एकशे पंधरावर थांबला नाही. वीस वरच्या निघाल्या.

"पाच म्हणाली होतीस ना?" अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांना जरा बरं वाटलं असावं.

मामींनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्या पत्रावळी मी कोणत्या दिवसांत आणि कशाच्या भीतीनं भरल्या, ते ओसरीत फक्त त्यांनाच कळलं. "हे तोंडानं बोलत नाई," त्या मॅडमला म्हणाल्या, "गठ्ठ्यात भरते."

काटा आणि हाताची मोजणी प्रत्येक गठ्ठ्याला जुळली. काटा खरा निघाला. मॅडम म्हणाली, "आता तोंडचं राहू द्या, काट्यावर जेवढं जास्त तेवढं शून्य भावाच्या ओळीत टाकू." आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. तिनं मला दोन ओळींचं बिल कसं भरायचं ते दाखवलं, आणि माझ्याकडून दोनदा भरून घेतलं. यापुढे वरच्या पाच म्हणजे पाचच, असं अध्यक्षबाईंनी जाहीर केलं. तीन ठेवणारीनं असं जाहीर करायला धीर लागतो. जाताना मामींनी मॅडमच्या गाडीत बोरांची पिशवी ठेवली आणि बजावलं, "हे कॉम्प्युटरमंदी लिहू नोको."

त्या आठवड्यात पहिली खूण हिरवी झाली, मागोमाग दुसरी. गटानं माझी उधारी आधी द्यायची असं ठरवलं होतं, पण तेवढ्यात ती पूर्ण होत नव्हती. मी जेवढे मिळाले तेवढे घेऊन मामींकडे गेले. त्यांनी पैसे हातात घेतलेच नाहीत.

"अर्धा कूलर देते का कोनी?" त्या म्हणाल्या. "पुरे आन."

तिसऱ्या मालाचं अडून राहिलं होतं. एकीची सही पुसट आली म्हणून तो कागद पुन्हा मागवला होता. आम्ही पुन्हा सही करून पाठवली. त्यात आणखी दिवस गेले. टिन तापू लागलं होतं. मामी दुपारी कडुनिंबाखाली खाट टाकून पडायच्या आणि मी जवळून गेले की नुसतं विचारायच्या, "कोनता रंग?" मी मान हलवायची. त्या कूस बदलायच्या.

मग एका सकाळी भात टाकून मी सहज फोन पाहिला, आणि तिसरी खूण हिरवी होती. भात तसाच ठेवून मी चिचगडला बँकेत गेले. काउंटरवरच्या माणसाला आपण होऊन आकडा सांगितला, तोही त्याला ऐकू जाईल असा. आधीचे आणि हे, सगळे एकत्र केले.

घरी आले तेव्हा नवरा जेवायला बसला होता आणि करपलेल्या भातावरून मामींचं ऐकून घेत होता. भात माझ्या हातून करपला होता, पण बोलणी त्याला बसत होती. मी मामींच्या पुढ्यात पैसे ठेवले. मामींनी बोट ओलं करून नोटा मोजल्या. मग उलटीकडून पुन्हा मोजल्या.

"हे कायचे पैसे?" नवरा म्हणाला.

"जो मानूस दिसत नाई, त्यानं पाठवले," मामी म्हणाल्या. "तू जेव."

त्यांनी नोटांची गुंडाळी केली, लुगड्याच्या कनवटीला खोचली आणि वरून हात दाबून पाहिला.

"पुरे हायेत," त्या मला म्हणाल्या. "फिटले."